लिमातला एक दिवस, घड्याळ लावून खाण्याचा

लिमात पोचलो त्याच संध्याकाळी साडेसातला मी सेविचे खायला बाहेर पडलो. कच्चा मासा, लिंबू, कांदा, मिरची. पहिल्या दुकानाला कुलूप. दुसऱ्यालाही. तिसऱ्या ठिकाणी खुर्च्या टेबलांवर उलट्या घालून एक जण फरशी पुसत होता. त्याने मान वर करून एवढंच सांगितलं, "मान्याना, आल मेदियोदिया." उद्या, दुपारी. त्याच्या चेहऱ्यावरचा भाव माझ्या ओळखीचा होता. पुण्यात रात्री नऊला कुणी मिसळ मागितली की मिसळवाला असाच बघतो.

पेरूच्या राजधानीत खाण्याला वेळापत्रक आहे, फक्त ते कुठे लिहून लावलेलं नाही. सेविचे दुपारचं. डुकराच्या मांसाचा पाव सकाळचा. निखाऱ्यावरची आंतिकुचोस दिवस मावळल्यावर. वेळ चुकली की एकतर दार बंद मिळतं किंवा पर्यटकांसाठी उघडं ठेवलेलं महागडं दार मिळतं. माचू पिचूला जाणारे बहुतेक जण लिमातूनच जातात आणि जाता-येता एक दिवस तिथे काढतात. तो एक दिवस कसा खावा, हे पुढे वेळेच्या क्रमाने लिहिलं आहे. शाकाहाऱ्यांची वाट त्यातच जागोजागी सांगितली आहे.

आदल्या रात्री करायच्या गोष्टी

वार बघा. सोमवार टाळा. कोळी रविवारी समुद्रावर जात नाहीत, म्हणून सोमवारचा मासा शिळा, असं लिमाकर मानतात आणि बऱ्याच सेविचेरिया सोमवारी बंदच असतात. रविवारी दुपारी सगळं शहर कुटुंबकबिल्यासह जेवायला बाहेर पडतं, त्यामुळे रांगा लांब. मंगळवार ते शुक्रवार उत्तम.

पैसे सुटे करा. चलन सोल, एक सोल म्हणजे ढोबळमानाने २५ रुपये धरा. रेस्टॉरंटात कार्ड चालतं, बाजारात आणि गाड्यांवर रोख. शंभराची नोट पुढे केली की गाडीवाली अशी बघते जणू तिच्याकडे बँकेची शाखा मागितली. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी वेगळ्या खिशात ठेवा. स्थानिक लोक आपल्या यूपीआयसारखं फोनवरून 'यापे'ने पैसे देतात, पण दोन दिवसांच्या पाहुण्याला त्याचा उपयोग नाही. टॅक्सीला मीटर नसतो. ॲपवरून बोलवा, नाहीतर बसण्याआधी भाडं ठरवा. नळाचं पाणी पिऊ नका.

आता भाषेचं. बीफ न खाणाऱ्यांनी आणि शाकाहाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. 'कार्ने' म्हणजे मांस, असं शब्दकोशात आहे. लिमातल्या रोजच्या बोलण्यात मात्र कार्ने म्हणजे मुख्यतः गोमांस. कोंबडी त्यात धरत नाहीत. माझ्याबरोबरच्या शाकाहारी मित्राने एका साध्या खाणावळीत "सिन कार्ने" म्हणून सूप मागितलं, तर वाटीतून कोंबडीचा अख्खा पाय वर आला. वाढणाऱ्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. कार्ने त्यात खरंच नव्हतं. तेव्हा सगळी यादी म्हणा: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो." मांस नको, कोंबडी नको, मासा नको. पुढे "नी काल्दो दे पोयो" जोडा, म्हणजे कोंबडीचं पाणीही नको. गोमांस नेमकं विचारायचं तर "एस दे रेस?" हे गायीबैलाचं आहे का? डुकराला 'चांचो'. 'मांतेका' शब्द दिसला तर ती डुकराची चरबी, आणि ती तामालेसारख्या केळीच्या पानात उकडलेल्या निरागस पदार्थातही असते.

शेवटचं म्हणजे पोट. पेरूतली ताटं मोठी असतात. दोघांत एक मागवा आणि दर ठिकाणी अर्धं पोट रिकामं ठेवून उठा. हा नियम मी पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊलाच मोडला आणि दुपारपर्यंत पस्तावलो.

सकाळी सात : कोपऱ्यावरची गाडी

मे-जूनपासून नोव्हेंबरपर्यंत लिमाचं आकाश राखाडी असतं. त्याला ते 'पान्सा दे बुर्रो' म्हणतात, गाढवाचं पोट. पाऊस जवळजवळ पडत नाही, नुसतं धुकट तुषारासारखं काहीतरी अंगावर येत राहतं. अशा सकाळी ऑफिसला जाणारी माणसं कोपऱ्यावरच्या ढकलगाडीभोवती उभी दिसली की तिथे जा. ती एमोलियेंतेची गाडी.

एमोलियेंते म्हणजे काढा आणि चहा यांच्या मधलं काहीतरी. भाजलेले जव, जवस आणि औषधी पाल्याचं उकळतं पाणी मोठ्या भांड्यात तयार असतं. बाटल्यांमध्ये निरनिराळे अर्क. गाडीवाला ग्लासात थोडं हे, थोडं ते घालतो, लिंबू पिळतो आणि मग दोन भांड्यांतून उंचावरून खाली, खालून वर असं ओतत राहतो. इराण्याकडचा चहा कडक असतो की नाही ते रंगावरून कळतं. इथे धारेवरून कळतं. जवसाच्या चिकामुळे धार तुटत नाही, काकवीसारखी लोंबते. पहिल्या घोटाला हा बुळबुळीतपणा विचित्र वाटतो. नको असेल तर "पोका लिनासा" म्हणा, जवस कमी. दोन-तीन सोलांत मोठा ग्लास मिळतो, आणि संपत आला की उरलेलं वर ओततात. त्यावर पुढे बोलू.

त्याच गाडीवर बहुधा किनोआचं गरम पेय असतं, सफरचंद आणि दालचिनी घालून उकळलेलं. आपल्याकडे किनोआ डाएटवाल्यांच्या डब्यात महागाईने येतो. इथे तो मजुराची न्याहारी आहे. शाकाहाऱ्यांची सोयही इथेच होते: 'पान कोन पाल्ता', म्हणजे पावात दाबलेला आवोकादो आणि मीठ. पाव कडक सालीचा, आपल्या ब्रुनसारखा. एकच घ्या.

सकाळी आठ : सुरकीयोचा बाजार

मिराफ्लोरेस भागातल्या केनेडी पार्कपासून रिकार्दो पाल्मा रस्त्याने पूर्वेला पंधरा मिनिटं चालत गेलं की खोल खणलेला महामार्ग लागतो. लिमाकर त्याला 'सान्खोन' म्हणतात, चर. पूल ओलांडला की मिराफ्लोरेसचा श्रीमंती चकचकीतपणा संपतो आणि सुरकीयो सुरू होतं. तिथला बाजार क्रमांक १ आपल्या मंडईसारखाच गोल फिरून बघण्याचा. बसने यायचं तर मेत्रोपोलितानोचं रिकार्दो पाल्मा स्थानक जवळ पडतं.

आत शिरल्यावर लगेच खाऊ नका. आधी एक फेरी मारा. विक्रेती तुम्हाला 'कासेरो' किंवा 'कासेरा' म्हणेल आणि तुम्हीही तिला 'कासेरा' म्हणायचं. नेहमीचं गिऱ्हाईक आणि नेहमीचा दुकानदार, दोघांनाही तो एकच शब्द. भाजीवालीला मावशी म्हटल्यावर ती जशी जरा सैल होते, तसंच इथे. आणि खरेदी झाल्यावर न लाजता म्हणा, "मी यापा, कासेरीता?" इथला 'मी' स्पॅनिश, म्हणजे माझं. यापा हा मूळ केचुआ या आंदेस (अँडीज) डोंगरातल्या भाषेतला शब्द. भाजीवर वरून मिळणाऱ्या कोथिंबिरीच्या चार काड्यांना मराठीत एक शब्द हवा होता, तो तिकडे आहे. फळांच्या रसाच्या गाळ्यावर यापा म्हणजे भांड्यात उरलेला अर्धा ग्लास. मघाशी एमोलियेंतेवर मिळाली तीही यापाच.

फळं. चिरिमोया म्हणजे सीताफळाचं थेट भावंड. बिया कमी, गर एकसंध, चव सीताफळ आणि अननस यांच्या मधली. आग्वायमांतो पाहिल्यावर तुम्ही ओरडाल, "अरे ही तर रसभरी!" तीच ती, आणि मूळची याच भागातली. ग्रानादीयाचं नारिंगी कवच अंगठ्याने फोडायचं आणि आतलं राखाडी, बियाळ, गोड प्रकरण थेट तोंडात ओढायचं. दिसायला बेडकाच्या अंड्यांसारखं आहे, खाताना डोळे मिटले तरी चालेल. पाकाय म्हणजे हातभर लांब शेंग, आत कापसासारखा पांढरा गोड गर. विलायती चिंचेची आडदांड थोरली बहीण. लुकुमा मात्र नुसतं खाऊ नका. चिकूच्या कुळातलं फळ, पण गर उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा कोरडा, घशात बसतो. दुधात घुसळून किंवा आइस्क्रीममध्ये तेच फळ अप्रतिम लागतं. आणि घरून सगळे विचारतील ते आधीच सांगतो: हो, पेरूत पेरू मिळतो. त्याला तिथे 'ग्वायाबा' म्हणतात आणि मराठीतला घोळ समजावून सांगायला मला दहा मिनिटं आणि पुष्कळ हातवारे लागले.

बटाट्याच्या गाळ्यावर वेळ काढा. पेरूत तीन हजारांहून जास्त जाती आहेत; आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रही १९७१ पासून लिमातच आहे. बाजारात एका वेळी आठ-दहा जाती तरी दिसतात. पापा आमारीया हा अंड्याच्या पिवळ्या रंगाचा, इतका पिठूळ की उकडताना फुटतो. वायरो जांभळट सालीचा, रस्सा शोषणारा. शेजारी पोत्यात काळे-पांढरे खडे दिसले तर ते खडे नाहीत, तो चुन्यो. आंदेसच्या उंचावर बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवतात, दिवसा पायाने तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. वर्षानुवर्षं टिकणारं वाळवण. मी विक्रेतीला 'बटाटा' शब्द सांगून पाहिला. तिने रताळ्याकडे बोट दाखवलं. तिचं बरोबर होतं: आपल्याला तो शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या रताळ्याचा. पेरूत बटाट्याला 'पापा' म्हणतात, रताळ्याला 'कामोते'.

मिरचीला 'आही'. आही आमारीयो म्हणजे नावाने पिवळी पण दिसायला नारिंगी, बोटापेक्षा जाड मिरची. तिखटापेक्षा तिचा फळासारखा सुगंध महत्त्वाचा. निम्म्या पेरूच्या स्वयंपाकाचा रंग तिचा. आही पांका वाळवलेली, काळपट लाल, आपल्या ब्याडगीच्या स्वभावाची. आणि मग ती टोमॅटोसारखी गोल, लाल, तुकतुकीत वस्तू. ती रोकोतो. मी तिला ढोबळी मिरची समजून कापलेली फोड उचलली. कापल्यावर आतल्या बिया काळ्या दिसतात. तीच खूण लक्षात ठेवा. कोल्हापूरचा माणूस म्हणून जो काही माज होता तो त्या फोडीने उतरवला. गाळेवालीने न विचारता मिठाचा खडा पुढे केला, म्हणजे हे रोजचंच असावं.

एवढं झाल्यावर रसाच्या गाळ्यावर उंच स्टुलावर बसा. 'सुर्तीदो' मागितलं तर पपई, अननस, बीट वगैरे मिश्र रस येतो. 'एस्पेस्याल' मागू नका. त्यात कच्चं अंडं आणि काळी बिअर पडते.

मांसाहाऱ्यांचा खरा नाश्ता नऊच्या सुमारास: 'पान कोन चिचारोन'. डुकराचं मांस आधी पाण्यात शिजवून मग स्वतःच्याच चरबीत तळलेलं, त्याखाली तळलेल्या रताळ्याची चकती, वर उभा चिरलेला कांदा, लिंबू आणि मिरचीची कोशिंबीर. रताळ्याचा गोडवा आणि कांद्याचा आंबटपणा मध्ये आला नाही तर हा पाव जड होतो; आला की संपतो कधी ते कळत नाही. दोघांत एक. मी एकट्याने दीड खाल्ला होता.

दुपारी सव्वाबारा : सेविचे

दिवसाचं मुख्य जेवण हे. एकनंतर रांग लागते, तेव्हा बारा-सव्वाबाराला पोचा. चारपाचच्या सुमारास सगळं आवरतं.

कुठे खायचं? तीन पायऱ्या आहेत. सुरकीयो बाजारातल्या गाळ्यावर वीस-तीस सोलांत उत्तम सेविचे मिळतं. जिथे स्थानिक माणसं खांद्याला खांदा लावून बसलीत तो गाळा निवडा, रिकामा गाळा कितीही स्वच्छ दिसला तरी सोडा. चोरीयोसच्या कोळ्यांच्या धक्क्यावर होड्यांच्या शेजारी बसून खाता येतं, मात्र तिथे घासाघीस आणि ओढाताण सहन करावी लागते. आणि मिराफ्लोरेसमध्ये 'ला मार', गास्तोन आकुरियो या पेरूच्या सर्वांत नावाजलेल्या शेफने २००५ मध्ये काढलेली सेविचेरिया. बाजाराच्या दुपटीतिपटीने महाग, पण माशाची निवड मोठी. एकाच दिवसासाठी आला असाल तर माझं मत बाजाराच्या बाजूने. बाजारात तुम्हाला ते करताना बघता येतं.

आणि बघण्यासारखं आहे. मासा अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठ्या चौकोनी तुकड्यांत. आधी गाळेवाला नुसतं मीठ चोळतो. बारीक चिरलेली आही लिमो, कोथिंबीर. मग लिंबू, आपलंच कागदी लिंबू, पण ते पूर्ण पिळत नाहीत. अर्धं पिळलं की फेकलं. शेवटपर्यंत पिळलं तर सालीखालचा कडवटपणा उतरतो. वर पातळ उभा लाल कांदा, दोनदा ढवळणं, आणि ताट पुढे. घड्याळात बघितलं तर पाच मिनिटंही झाली नव्हती. पूर्वी मासा लिंबात तासन् तास मुरवत. जपानी स्वयंपाक्यांच्या हाताखाली ही वेळ मिनिटांवर आली. लिंबू पूर्वेकडून स्पॅनिश जहाजांतून तिथे गेलं, मिरची तिथून पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आली. त्या ताटात दोघी पुन्हा भेटतात.

शेजारी येतं उकडलेलं रताळं, टपोऱ्या पांढऱ्या दाण्यांचा मका म्हणजे 'चोक्लो', आणि भाजून कुरकुरीत केलेले मक्याचे दाणे म्हणजे 'कांचा'. आंबट-तिखटाने जीभ भाजली की रताळं खायचं, त्यासाठीच ते असतं. ताटात उरलेल्या पांढुरक्या रसाला 'लेचे दे तिग्रे' म्हणतात, वाघाचं दूध. वाघिणीचं दूध म्हटलं की आपल्याला चिपळूणकर आणि इंग्रजी भाषा आठवते. लिमाकर ते रात्रीची उतरवायला पितात. ते वेगळं ग्लासातही मिळतं. पहिल्यांदा खाणाऱ्याने सुरुवात त्यानेच करावी. ते आवडलं नाही तर सेविचेही आवडणार नाही आणि ताटाचे पैसे वाचतील.

दोघांसाठी मागणी अशी: एक सेविचे क्लासिको, एक खालेआ म्हणजे तळलेल्या मासे-माकुळांचा ढीग, मध्ये एक काउसा म्हणजे बटाट्याच्या थरांचा थंड पदार्थ. प्यायला चिचा मोरादा: जांभळा मका, अननसाची साल, दालचिनी आणि लवंग उकळून केलेलं थंड सरबत. यात दारू नसते. मासा कोणता, हे विचारा. लेंग्वादो हा लेपासारखा चपटा, नाजूक आणि महाग. पेरिको स्वस्त आणि घट्ट. तिरादितो दिसलं तर तेही चाखा. १८९९ मध्ये 'साकुरा मारू' जहाजातून ७९० जपानी मजूर पेरूत उतरले, त्यांच्या वंशजांच्या हातचा हा पदार्थ: साशिमीसारख्या पातळ कापा, कांदा नाही, वर आही आमारीयोचा पिवळा रस.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लिंबाने मासा पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो, पण तो शिजलेला नसतो. उष्णतेने जंतू मरतात तसे ते लिंबाने मरत नाहीत. गर्भवती, लहान मुलं आणि नाजूक पोटवाल्यांनी खालेआवर थांबावं, त्यातही काही कमी नाही.

शाकाहाऱ्यांनी सेविचेरियात न जाता साध्या घरगुती खाणावळीत 'मेनू' घ्यावा. मेनू म्हणजे कार्ड नाही, दुपारची ठरलेली थाळी: आधी एक छोटा पदार्थ, मग मुख्य, आणि सरबत, पंधरा-वीस सोलांत. 'पापा आ ला वांकाइना' मागा. उकडलेल्या बटाट्यावर आही आमारीयो, ताजं चीज, दूध आणि बिस्किटं वाटून केलेली पिवळी चटणी. याच चटणीचा आरेकिपा गावचा हिरवट भाऊ म्हणजे 'ओकोपा'. त्यात शेंगदाणे आणि वाकाताय नावाचा पाला. वाकाताय झेंडूच्या कुळातला, वास पुदिना आणि झेंडू चुरगळल्यासारखा. बटाटा, दाणे, मिरची. पहिल्या घासाला उपासाच्या पानाची आठवण आली. काउसाही शाकाहारी करून मिळतो: लिंबू-मिरची मळलेल्या पिवळ्या बटाट्याचे थर, मध्ये आवोकादो. "सोलो पाल्ता" म्हणा, नाहीतर आत ट्यूना किंवा कोंबडी निघते.

दुपारी तीन ते सहा

चाला. मिराफ्लोरेसच्या कड्यावरून समुद्राच्या काठाने जाणारा मालेकोन याच कामासाठी आहे. पाच वाजता लिमाकर 'लोन्चे' घेतात. शब्द इंग्रजी लंचवरून आला, पण वेळ आणि वृत्ती आपल्या चार वाजताच्या चहाची. तुम्ही फक्त कॉफी घ्या. फारच मोह झाला तर 'सुस्पीरो आ ला लिमेन्या' दोघांत एक: आटवलेल्या दुधाचा दाट थर, वर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस. बासुंदी आणखी तासभर आटवली आणि साखर हात सैल सोडून घातली, तर इथवर येईल.

संध्याकाळी सात : निखारे आणि कढई

दिवेलागणीला धूर दिसू लागतो. आंतिकुचोस म्हणजे काडीला ओवून भाजलेलं गायीबैलाचं काळीज, म्हणजे हृदय. गोमांस न खाणाऱ्यांनी इथे थांबा; बऱ्याच गाड्यांवर कोंबडीचेही असतात, "दे पोयो" विचारा. आही पांका, व्हिनेगर, लसूण आणि जिऱ्यात मुरवलेले तुकडे निखाऱ्यावर पडतात आणि बाई मक्याच्या सालीच्या कुंच्याने वरून मसाला शिंपडते. भडका उडतो, ती मागे सरकतसुद्धा नाही. या पदार्थाला आणि गाडीवरच्या या परंपरेला आकार दिला तो मुख्यतः पेरूतल्या गुलाम आफ्रिकन माणसांनी. मालकांना नको असलेला भाग त्यांच्या वाट्याला यायचा. मिराफ्लोरेसमधल्या ग्रिमानेसा वार्गास यांनी कोपऱ्यावरच्या गाडीवर सुरुवात करून नाव कमावलं. त्यांचं आता दुकान आहे आणि बाहेर रांगही.

शाकाहाऱ्यांनी गाडीवरचा 'चोक्लो कोन केसो' घ्यावा, उकडलेलं कणीस आणि ताज्या चीजचा जाड काप. आणि मग सगळ्यांनी मिळून पिकारोनेसकडे वळावं.

पिकारोनेसची कढई केनेडी पार्कात आणि शेजारच्या बारांको भागातल्या चौकाच्या आसपास सापडते. रताळं आणि लाल भोपळा उकडून, मैदा, यीस्ट आणि बडीशेपेच्या वासाचा आनिस घालून आंबवलेलं सैलसर पीठ. बाई बोटं पाण्यात बुडवते, पिठाचा गोळा उचलते, अंगठ्याने मध्ये भोक पाडते आणि मनगटाला एक झटका देऊन कडं तेलात सोडते. मग लांब काडी त्या भोकात घालून ते तेलातच गरागरा फिरवते. वर पाक ओततात तो 'चान्काका'चा. चान्काका म्हणजे गूळच, ढेपेचा, काळा. त्यात संत्र्याची साल, लवंग, दालचिनी. भोपळ्याचे घारगे ज्याच्या घरी झाले असतील त्याला हा पदार्थ शिकवावा लागत नाही. फक्त आपला गूळ पिठात जातो, त्यांचा वरून येतो. चार नगांची एक बशी, ताबडतोब खायची. दहा मिनिटांनी ती रबर होते.

ऑक्टोबरमध्ये गेलात तर 'तुर्रोन दे दोन्या पेपा' जागोजागी दिसेल, रंगीबेरंगी गोळ्या टाकलेली पाकातली वडी. मला ती दातांना चिकटणारी वाटली.

रात्री नऊ : चिफा, आणि तेही थोडंच

सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या जागतिक यादीत २०२३ मध्ये लिमाचं 'सेंत्राल' पहिलं आलं आणि २०२५ मध्ये 'माइदो'. नावं ऐकून तिथेच रात्रीचं जेवण करावंसं वाटेल. करू नका, निदान या दिवशी. जागा कित्येक आठवडे आधी राखावी लागते, दहा-बारा पदार्थांचं जेवण तीन तास चालतं, आणि सकाळपासून बाजारात खाल्लेलं पोट घेऊन तिथे बसणं म्हणजे पैसे वाया. त्यासाठी वेगळा, उपाशी दिवस ठेवा.

रात्री चिफात जा. चिफा म्हणजे पेरूचं चिनी जेवण, आणि शब्दही 'भात खाणे' या चिनी शब्दांवरूनच आलेला. १८४९ पासून पाव शतकात सुमारे एक लाख चिनी मजूर करारावर पेरूत आणले गेले. उसाच्या मळ्यांत आणि ग्वानो खताच्या बेटांवर त्यांनी हाल काढले. त्यांच्या चुलीवरून सोया सॉसला 'सियाओ' आणि आल्याला 'किओन' हे शब्द लिमाच्या रोजच्या बोलीत आले. बाकी जगभरच्या स्पॅनिशमध्ये आल्याला 'खेन्खिब्रे' म्हणतात. बाजारात तो शब्द वापरलात तर कासेरा तुम्हाला दुरुस्त करेल. 'लोमो साल्तादो' या राष्ट्रीय म्हणाव्या अशा पदार्थातही तेच दिसतं: गोमांस, कांदा, टोमॅटो, सियाओ, प्रचंड आचेवर परतलेलं, शेजारी बटाट्याचे तळलेले काप आणि भात दोन्ही. बटाटा आणि भात एकाच ताटात का, हे वरण-भात-बटाट्याची भाजी खाणाऱ्याने विचारू नये. मशरूमचा 'साल्तादो दे चाम्पिन्योनेस'ही बऱ्याच ठिकाणी करून देतात.

मूळ चिनी वस्ती जुन्या लिमात, बारिओ चिनोत आहे. ती दुपारी बघावी. रात्री तिथे चालत फिरू नये. रात्रीसाठी तुमच्या हॉटेलजवळचं कुठलंही गजबजलेलं चिफा चालतं. एक 'आरोस चाउफा' म्हणजे परतलेला भात, एक वान्तान सूप, आणि एक बाटली इन्का कोला, १९३५ पासूनचं पिवळंधमक, बबलगमच्या वासाचं पेय. चव लहानपणीच्या लग्नातल्या सरबताची आहे, चाउफाबरोबर मात्र ते जमतं. शाकाहारी चाउफा मागताना सकाळची यादी पुन्हा म्हणा. बिल आल्यावर दहा टक्के टिप ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माचू पिचूच्या वाटेवरच्या कुस्कोचं विमान असेल तर इथे हात आखडता घ्या. कुस्को ३,४०० मीटरवर आहे आणि त्या उंचीवर जड पोट घेऊन उतरलेल्या माणसाची अवस्था मी शेजारच्या सीटवरून पाहिली आहे. उरलेलं "पारा येवार" म्हणून बांधून घ्या आणि हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवा. पहाटे चारला टॅक्सीची वाट बघत मी तो थंड चाउफा डब्यातूनच चमच्याने खाल्ला. रिसेप्शनवरच्या पोराने एकदा माझ्याकडे आणि एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.